मावशी ते सिस्टर : मेरी महोनीचे सोळा महिने

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. कुणाला बी.एस्सी. नर्सिंगचा फॉर्म भरायचा असतो, कुणाला जी.एन.एम. आणि ए.एन.एम. यांतला फरक समजून घ्यायचा असतो, कुणी जातपडताळणीच्या कागदांची पिशवी घेऊनच येतो. आणि त्यात दरवर्षी एक तरी बाप असा भेटतो, जो मुलीच्या हातातला फॉर्म काढून घेतो आणि आम्हालाच जाब विचारतो. बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढणे बंद करायला लावले, महारकी सोडायला लावली, गावाची घाण आता उपसायची नाही असे बजावले. मग शिकलेल्या पोरीला पुन्हा रोग्यांचे मलमूत्र काढायला कशाला पाठवायचे, असा त्याचा रोखठोक सवाल असतो.

या बापाचा राग खोटा नाही. शुश्रूषा हे काम आपल्या लोकांना नवीन आहे काय? या महाराष्ट्रातल्या गावोगावी बाळंतपण करणारी सुईण बहुधा मांगवाड्यातून नाहीतर महारवाड्यातून यायची. सवर्णाच्या घरातल्या मुलाची नाळ तिने कापायची, रक्ता-विटाळात हात तिने घालायचे, आणि काम झाले की शेर-पायली धान्य आणि जुने लुगडे घेऊन मागच्या दाराने निघून जायचे. तिच्या हातात विद्या होती, पण त्या विद्येला कुणी विद्या म्हटले नाही. पुढे तेच काम दवाखान्यात गेले, त्याला कॉलेज आले, गणवेश आला, पगार आला. आणि त्या कॉलेजच्या दारात सुईणीच्या नातीला किती वर्षे उभे राहावे लागले, हे वेगळे सांगायला नको. आजही कुठल्याही मोठ्या दवाखान्यात जा. वॉर्ड पुसणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणतात आणि सुई टोचणाऱ्या बाईला सिस्टर म्हणतात. दोन्ही शब्द नात्याचेच. पण मावशी कोणत्या वस्तीतून येते हे विचारायची गरज पडत नाही!

आम्ही त्या बापाशी वाद घालत नाही. त्याला अमेरिकेतल्या एका मावशीची गोष्ट सांगतो. ती सिस्टर झाली त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. तिचे नाव मेरी एलायझा महोनी. रीतसर शिक्षण घेऊन डिप्लोमा मिळवणारी अमेरिकेतली पहिली काळी परिचारिका म्हणून जगभरच्या नर्सिंगच्या पुस्तकांत तिचे नाव आहे. आपल्याकडच्या विद्यार्थिनी ते नाव एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. तिचे चरित्र मात्र कुणी सांगत नाही.

मेरीचा जन्म 1845 सालचा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डॉर्चेस्टर येथला. हे गाव पुढे बोस्टन शहरात सामील झाले. तिचे आईवडील नॉर्थ कॅरोलिना या दक्षिणेतल्या गुलामगिरीच्या राज्यातून उत्तरेत आलेले. उत्तरेत गुलामगिरी नव्हती, म्हणून तेथे समता होती असा समज कुणी करून घेऊ नये. बोस्टनमध्ये काळ्या मुलांची शाळा वेगळी होती. सारा रॉबर्ट्स नावाच्या पाच वर्षांच्या काळ्या मुलीला घराजवळच्या पाच गोऱ्या शाळा ओलांडून दूरच्या काळ्या शाळेत जावे लागे, म्हणून तिच्या बापाने शहरावर खटला भरला. त्याच्या बाजूने चार्ल्स सम्नर आणि रॉबर्ट मॉरिस हे दोन वकील उभे राहिले. यातला मॉरिस स्वतः काळा होता. 1850 साली न्यायालयाने निकाल दिला तो बापाच्या विरोधात. पण चळवळ थांबली नाही, आणि 1855 साली त्या राज्याच्या विधिमंडळाने कायदाच करून वेगळ्या शाळांची पद्धत बंद केली.

मेरी तेव्हा दहा वर्षांची होती. बोस्टनच्या ज्या फिलिप्स स्कूलची दारे या कायद्याने काळ्या मुलांना उघडली, तिथेच ती शिकली. म्हणजे जिच्याबद्दल आपण बोलतो आहोत तिची पहिली पाटीसुद्धा तिला कुणी दयेपोटी दिली नव्हती. एका हरलेल्या खटल्याने आणि त्यानंतर पाच वर्षे चाललेल्या लढ्याने ती तिच्या हातात आली होती. (आणि हाच हरलेला निकाल पुढे 1896 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या डब्यातला वर्णभेद कायदेशीर ठरवताना आधारासाठी घेतला. हरलेला खटलासुद्धा किती दूरवर मारा करतो, हे आपल्या वकील मित्रांनी ध्यानात घ्यावे.)

वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास मेरी बोस्टनच्या एका रुग्णालयात कामाला लागली. न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रन असे त्याचे नाव. या रुग्णालयाची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट येथेच घडते.

हे रुग्णालय 1862 साली मेरी झाकझेव्स्का नावाच्या बाईने काढले. ती मूळची बर्लिनची आणि शिक्षणाने सुईण. सुईणीच्या शाळेत हुशार ठरली, मुख्य सुईणीच्या जागेवर नेमली गेली, तर तिथल्या पुरुषांनी तिला टिकू दिले नाही. ती अमेरिकेत आली आणि डॉक्टर झाली. डॉक्टर झालेल्या बायकांना तेव्हा बहुतेक रुग्णालये अनुभवासाठी उभी करत नसत. म्हणून तिने स्वतःचेच रुग्णालय काढले. तिथे डॉक्टर बायका, रोगी बायका आणि मुले. बाहेर काढलेल्यांनी उभी केलेली ती संस्था होती. आपण अशा संस्थांचे मोल जाणतो. पण बाहेर काढलेल्यांच्या घरातही वरची पायरी आणि खालची पायरी असतेच, तेही आपण जाणतो.

या रुग्णालयात मेरी महोनीने सुमारे पंधरा वर्षे काढली. स्वयंपाक केला, झाडलोट केली, धुणी धुतली. त्या काळच्या रुग्णालयातले धुणे म्हणजे रक्ताने आणि पुवाने भरलेल्या चादरी, जखमांच्या पट्ट्या, बाळंतिणींचे कपडे. जखम का चिघळते हे युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही तेव्हा नीट उमगलेले नव्हते. लिस्टरने कार्बोलिक आम्लाचा उपाय मांडला तोच 1867 साली. रोगी वाचला तर नाव डॉक्टरचे होई, आणि स्वच्छ चादर घालणारीचे नाव कुठल्याही वहीत येत नसे. अधूनमधून मेरी परिचारिकांच्या हाताखालीही काम करी. कामाला बोलावताना तिचा रंग कुणाला आड येत नव्हता. आड यायचा तो शिकायला बसताना.

1872 साली या रुग्णालयात परिचारिकांसाठी रीतसर शाळा सुरू झाली. सुसान डिमॉक नावाच्या तरुण डॉक्टर बाईने युरोपातले शिक्षण पाहून ती बसवली. 1873 साली या शाळेतून लिंडा रिचर्ड्स ही विद्यार्थिनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडली. अमेरिकेतली पहिली प्रशिक्षित परिचारिका म्हणून तिची नोंद आहे. लिंडाने आपल्या आठवणींत त्या शिक्षणाबद्दल एक गोष्ट लिहून ठेवली आहे, ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. विद्यार्थिनींना औषधांची नावे कळू दिली जात नसत. बाटल्यांवर नावाऐवजी आकडे घातलेले असत. अमुक नंबरची बाटली अमुक खाटेला, एवढेच परिचारिकेने जाणायचे. गोऱ्या विद्यार्थिनींची ही अवस्था! ज्ञान वापरायला द्यायचे, पण त्याचे नाव सांगायचे नाही, ही युक्ती कोण्या एका देशाची मक्तेदारी नाही.

येथे सालाकडे लक्ष वेधतो. 1873 म्हणजे ज्या वर्षी महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि काळ्यांची गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना ती अर्पण केली. पुण्यात तात्यासाहेब ही अर्पणपत्रिका छापत होते, तेव्हा गुलामगिरी संपून आठ वर्षे झाली होती. आणि बोस्टनमध्ये एक अठ्ठावीस वर्षांची काळी बाई, ज्या इमारतीत देशातली पहिली प्रशिक्षित परिचारिका तयार झाली त्याच रुग्णालयात राबत होती. तात्यासाहेबांची कृतज्ञता चुकीची नव्हती. पण बेडी तुटली म्हणून वर्गाचे दार आपोआप उघडत नसते. हे तात्यासाहेबांइतके कुणाला ठाऊक होते? त्यांनी पंचवीस वर्षे आधीच मुलींची शाळा काढून बसवली होती.

मेरीला तिथून पुढे आणखी पाच वर्षे लागली. 23 मार्च 1878 रोजी तिला या शाळेत प्रवेश मिळाला. तेव्हा तिचे वय 33 होते. शाळेची अट 21 ते 31 वर्षांची. म्हणजे ज्या वयात शाळा लोकांना नको म्हणते, त्या वयात ती आत शिरली. पंधरा वर्षे तिचे काम पाहिलेल्या डॉक्टर बायकांना ती कोण आहे ते माहीत होते, त्याचा तिला उपयोग झाला असणार असे आम्हाला वाटते.

आता एका जागेची गोष्ट. या शाळेत प्रत्येक वर्गात एक काळी आणि एक ज्यू विद्यार्थिनी घेता येईल असा नियम होता, असे तिच्यावर लिहिणारे सांगतात. आपल्यातले काही उत्साही मित्र हे वाचले की लगेच म्हणतात, पाहा, तिकडेही आरक्षण होते! मित्रहो, घाई करू नका. आरक्षण म्हणजे इतक्या जागा तरी द्याव्याच लागतील हा खालचा आधार. आणि हा नियम म्हणजे यापेक्षा जास्त घेणार नाही ही वरची मर्यादा. एक दार उघडून धरतो, दुसरा फट ठेवून दार लावतो. अर्थात त्या काळच्या अमेरिकेत बाकीच्या बहुतेक शाळांनी ही फटसुद्धा ठेवलेली नव्हती, म्हणून झाकझेव्स्काबाईंचे श्रेय आम्ही नाकारत नाही.

ही फट किती अरुंद होती याचा दाखला त्याच वर्षी मिळतो. 1878 साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून कॅरोलाइन स्टिल ही काळी तरुणी डॉक्टर होऊन बाहेर पडली. (याच कॉलेजातून आठ वर्षांनी आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या.) तिने याच बोस्टनच्या रुग्णालयात उमेदवारीसाठी अर्ज केला. कार्यकारी मंडळाने रंगाच्या कारणावरून अर्ज नाकारला. ही बाई स्वतः बोस्टनला जाऊन मंडळासमोर उभी राहिली, तेव्हा कुठे त्यांनी तिला एकमताने घेतले. कागदावरच्या अर्जाला नकार आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला होकार! एका इमारतीत एक काळी डॉक्टर आणि एक काळी विद्यार्थिनी असे ते वर्ष होते.

मेरीचे शिक्षण 16 महिन्यांचे होते. ते कसे होते ते आजच्या विद्यार्थिनींनी जरूर वाचावे. दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा आणि रात्री साडेनऊला संपायचा. म्हणजे सोळा तास. रुग्णालयातच राहायचे. वैद्यकीय, शस्त्रक्रिया आणि बाळंतपण अशा वॉर्डांत आळीपाळीने काम करायचे. प्रत्येकीकडे काही रोगी सोपवलेले असत. त्याशिवाय डॉक्टरांची व्याख्याने : शरीराचे कार्य, आजाऱ्याचा आहार, शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा, बाळंतिणीची शुश्रूषा, जंतुनाशके, घरी जाऊन रोगी कसा सांभाळायचा. ताप मोजणे, नाडी पाहणे, पट्टी बांधणे हे खाटेशेजारी शिकायचे. शेवटचे काही महिने लोकांच्या घरी जाऊन खासगी परिचारिका म्हणून काम करायचे. याच्या मोबदल्यात आठवड्याला एक ते चार डॉलर हातात पडत.

हा आठवड्याचा डॉलर फार मोलाचा होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. मेरीच्या मागे जमीन नव्हती, पैसा नव्हता. राहण्या-जेवण्याची सोय आणि थोडा विद्यावेतनाचा आधार नसता, तर धुणे धुणारी बाई 16 महिने शिकायला बसलीच नसती. आमच्याकडे येणाऱ्या पालकांचे पहिले वाक्य हेच असते. शिष्यवृत्ती मंजूर आहे, पण ती वर्ष सरल्यावर खात्यात येते. कॉलेज मात्र फी पहिल्या दिवशी मागते. एका मुलीचे मूळ दाखले तर फी भरेपर्यंत कॉलेजने अडकवून ठेवले होते. हुशारी असूनही पोरी गळतात त्या अशा ठिकाणी.

मेरीच्या तुकडीतही गळती भयंकर झाली. प्रवेश घेतला होता चाळीसच्या आसपास मुलींनी. शेवटपर्यंत टिकल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यात एक मेरी. 1 ऑगस्ट 1879 रोजी तिला डिप्लोमा मिळाला.

बाकीच्या मुली का गळाल्या आणि ही का टिकली? चरित्रकार जिद्द, चिकाटी असे शब्द वापरतात. आम्हाला त्यापेक्षा साधे कारण दिसते. सोळा तासांचा दिवस त्या मुलींना नवीन होता, मेरीला नव्हता. बेडपॅन उचलताना बाकीच्यांना शिसारी येत असेल. मेरीने पंधरा वर्षे त्याहून घाण काम केले होते. फरक एवढाच की आता त्या बेडपॅनमध्ये काय दिसते, त्याचा रंग बदलला तर डॉक्टरला काय सांगायचे, हे ती शिकत होती. काम तेच, हात तेच. आता त्या कामामागचे कारण तिच्या मालकीचे झाले. आणि जी बाई कारण जाणते तिला कुणी नुसते हाक मारून कामाला लावू शकत नाही. रागावलेल्या बापाला आम्ही ही जागा दोनदा सांगतो.

आता कुणाला वाटेल की डिप्लोमा मिळाला आणि मेरी त्याच रुग्णालयात सन्मानाने नोकरीला लागली. तसे झाले नाही. तेव्हाची रुग्णालये बहुतेक काम विद्यार्थिनींकडूनच स्वस्तात करून घेत. शिकून तयार झालेल्या परिचारिकेला श्रीमंत घरांतून खासगी शुश्रूषेचे काम शोधावे लागे. मेरीनेही पुढची कित्येक वर्षे तेच केले. बोस्टनच्या गोऱ्या, पैसेवाल्या कुटुंबांत बाळंतिणी आणि लहान मुले ती सांभाळी. चणीने अगदी लहान, आवाज शांत, कामात चोख. तिचे नाव होत गेले आणि दूरदूरच्या राज्यांतूनही तिला बोलावणी येऊ लागली.

पण त्या घरांत ती होती कोण? नोकर की शिकलेली परिचारिका? मालकिणीला काळी बाई दिसली की पहिला विचार मोलकरणीचाच येई. रोगी झोपला की भांडी घास, कपडे धू, अशी अपेक्षा असे. मेरीने यावर एक मार्ग काढला. ती घरच्या नोकरांबरोबर जेवायला बसत नसे. मालकांच्या टेबलावर तिला जागा नव्हती. ती स्वयंपाकघरात एकटी जेवत असे.

ही नोंद आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा आम्हाला खटकली. पंधरा वर्षे धुणे धुतलेल्या बाईने मोलकरणींच्या पंगतीला नकार द्यावा? आपल्याकडेही शिकून वर गेलेले काही लोक वस्तीतल्या माणसाबरोबर बसायला लाजतात, त्यांची आठवण झाली. पण पुन्हा विचार केला तेव्हा ताटाचे गणित उमगले. ती नोकरांच्या टेबलावर बसली असती, तर दुसऱ्या दिवशी तिच्या हातात केरसुणी आली असती आणि तिच्यामागून त्या घरात येणाऱ्या प्रत्येक काळ्या परिचारिकेच्या हातात आली असती. तरीही आमच्या मनातली खटक पूर्ण गेलेली नाही. पहिल्या माणसाला अशी किंमत मोजावी लागते आणि तिच्यातला काही भाग तो आपल्याच माणसांच्या खात्यावर टाकतो, हे कबूल केले पाहिजे.

तोवर देशात काही नव्या शाळा निघाल्या होत्या. 1886 साली अटलांटाच्या स्पेलमन येथे काळ्या मुलींसाठी परिचर्येचे शिक्षण सुरू झाले. 1891 साली शिकागोत डॉ. डॅनियल हेल विल्यम्स यांनी प्रॉव्हिडंट हॉस्पिटल काढले. त्याला निमित्त झाली एक काळी तरुणी, जिला शहरातल्या नर्सिंग शाळांनी रंगापायी परत पाठवले होते. शिकलेल्या काळ्या परिचारिकांची संख्या वाढू लागली. आणि मग नवा अडथळा उभा राहिला. 1896 साली अमेरिकेतल्या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. मेरी तिच्या पहिल्या मोजक्या काळ्या सभासदांपैकी एक. पण पुढे सभासदत्व राज्यांच्या शाखांमार्फतच देण्याची रीत पडली, आणि दक्षिणेतल्या राज्यांच्या शाखा काळ्यांना घेतच नव्हत्या. म्हणजे डिप्लोमा आहे, अनुभव आहे, पण संघटनेचा शिक्का नाही. आधी शाळेचे दार बंद होते. ते उघडले तर आत दुसरे दार!

यावर उपाय काढला मार्था फ्रँकलिन नावाच्या परिचारिकेने. तीही फिलाडेल्फियात आपल्या तुकडीतली एकटी काळी. तिने देशभरच्या काळ्या परिचारिकांना स्वतःच्या हाताने पत्रे लिहिली, एक-दोन नव्हे तर शेकड्यांनी, आणि त्यांची हालहवाल विचारली. 1908 साली न्यूयॉर्कमध्ये 52 परिचारिका जमल्या आणि काळ्या पदवीधर परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. टेलिफोन नाही, पैसा नाही, पाठीशी कुणी पुढारी नाही. टपालाच्या तिकिटांवर संघटना बांधली. आपल्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट जिल्हा मेळाव्यात सांगावी.

पुढच्या वर्षी, 1909 साली, या संघटनेचे पहिले अधिवेशन बोस्टनला भरले. स्वागताचे भाषण करायला उभी राहिली चौसष्ट वर्षांची मेरी महोनी. आपल्या शिक्षणाच्या काळात आणि नंतरही काळ्या विद्यार्थिनींना मिळणाऱ्या असमान वागणुकीवर ती बोलली. तीस वर्षे लोकांच्या घरांत एकटीने जेवलेली ही बाई त्या दिवशी आपल्या व्यवसायातल्या बहिणींच्या सभेत बोलत होती. संघटनेने तिला आजीव सभासद केले आणि चॅपलेन म्हणून नेमले. नव्या पदाधिकाऱ्यांना शपथ देऊन कामाला लावणे हे त्या पदाचे काम.

1911 साली तिने खासगी शुश्रूषा सोडली आणि न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या किंग्ज पार्क येथील काळ्या मुलांच्या अनाथालयाची सूत्रे हातात घेतली. हॉवर्ड ऑर्फन असायलम हे त्याचे नाव. आजवर एकेका घरातला एकेक रोगी सांभाळणारी परिचारिका आता आपल्याच समाजातल्या पोरक्या लेकरांचे जेवणखाण, अंथरूण-पांघरूण आणि दुखणीखुपणी पाहू लागली. वर्ष-दीड वर्ष तिने ते काम केले आणि 1912 साली ती परत बोस्टनला गेली. पुढच्याच वर्षी, जुलै 1913 मध्ये, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले.

1920 साली अमेरिकेत बायकांना मताचा अधिकार मिळाला. पंच्याहत्तरीला आलेली मेरी बोस्टनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्या पहिल्या बायकांत होती. तिने लग्न केले नाही. रॉक्सबरीत राहिली. 1923 पासून तिला स्तनाच्या कर्करोगाने गाठले. डिसेंबर 1925 मध्ये दुखणे बळावले तेव्हा तिला रुग्णालयात दाखल केले, आणि तिथेच 4 जानेवारी 1926 रोजी, ऐंशीव्या वर्षी, तिचे निधन झाले. हे रुग्णालय म्हणजे तेच न्यू इंग्लंड हॉस्पिटल. जिथल्या चादरी तिने पंधरा वर्षे धुतल्या, तिथल्याच चादरीवर तिने देह ठेवला.

तिने ज्या संघटनेचे स्वागत केले होते तिचे काम मात्र तिच्या मरणानंतरही बरीच वर्षे पुरले. पहिल्या महायुद्धात सैन्याला परिचारिकांची इतकी टंचाई असताना काळ्या परिचारिकांना घेतले नाही. युद्ध संपल्यावर, फ्लूच्या साथीने छावण्या भरल्या तेव्हा, 1918 च्या डिसेंबरात फक्त 18 जणींना घेतले. दुसऱ्या महायुद्धात 1941 साली त्यांच्यासाठी 56 जागांची मर्यादा घातली. पुन्हा तीच वरची मर्यादा! संघटनेच्या मेबेल स्टॉपर्स यांनी ती मोडायला सरकारच्या नाकी नऊ आणले आणि जानेवारी 1945 मध्ये ती मर्यादा गेली. 1948 साली गोऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने काळ्या परिचारिकांना थेट सभासद करून घेण्याचे ठरवले. तेव्हा काळ्यांच्या संघटनेने आपले काम झाले असे मानून 1951 साली स्वतःचे विसर्जन केले. वेगळी संघटना कधी काढावी आणि कधी मिटवावी यावर आपल्याकडे पुष्कळ वाद होतात. विसर्जन घाईने झाले असे म्हणणारेही तिकडे निघाले, आणि 1971 साली काळ्या परिचारिकांनी पुन्हा आपली वेगळी संघटना उभी केली. या वादावर आम्ही पुढे केव्हातरी स्वतंत्र लिहू.

1936 साली सुरू झालेला मेरी महोनी पुरस्कार नंतर राष्ट्रीय संघटनेने चालू ठेवला. तिला पुरले ते बोस्टनजवळच्या एव्हरेट गावातल्या वूडलॉन दफनभूमीत. तिच्या कबरीवर नाव कोरलेले मोठे स्मारक उभे राहायला 1973 साल उजाडले, आणि त्यासाठी पुढाकार घेतला तो काळ्या परिचारिकांनीच.

गेल्या वर्षी वाद घालून गेलेला एक बाप यंदा पुन्हा आला होता. फॉर्म त्याने स्वतः भरला होता. वयाची अट काय आहे एवढेच त्याला विचारायचे होते, कारण मुलीबरोबर तिची आईही ए.एन.एम.ला बसते म्हणत होती. ती सात वर्षे एका दवाखान्यात मावशी आहे.